दाताचे मूळ गेले कुठे?

पहिली-दुसरीच्या वर्गावर शिकवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. वजाबाकी ऐन रंगात आलेली असते आणि मागच्या रांगेतून एक हात वर होतो. हातात शंका नसते, दात असतो! मग वर्गभर गलका, रक्ताळलेल्या हिरडीचे प्रदर्शन, चूळ भरायला परवानगी. दात कागदाच्या पुडीत बांधून दप्तरात जातो. घरी गेल्यावर तो कौलावर किंवा उंदराच्या बिळात टाकायचा असतो.

पुढच्या वेळी ती पुडी बांधण्याआधी तो दात सगळ्या वर्गाला नीट पाहू द्या. वरचा भाग पांढराशुभ्र आणि गुळगुळीत असतो. खालची कडा मात्र खडबडीत, कुरतडल्यासारखी दिसते. तिथे पोकळ खळगा असतो आणि मूळ जवळजवळ नसतेच. काही कारणाने लवकर काढावा लागलेला दुधाचा दात पाहिला, तर त्याला चांगले लांब मूळ असते. मग या दाताचे मूळ गेले कुठे?

आम्ही हा प्रश्न अनेकदा मुलांना विचारला आहे. बहुतेक वेळा तीन उत्तरे मिळतात. एक, मूळ तुटून आतच राहिले. दोन, दुधाच्या दाताला मूळ नसतेच. तीन, खालून येणाऱ्या नव्या दाताने ते घासून संपवले. तिन्ही उत्तरे चूक आहेत, पण मुलांना हसू नये. कारण यांतले प्रत्येक उत्तर कधी ना कधी मोठमोठ्या विद्वानांनी गंभीरपणे दिलेले आहे.

तीन उत्तरे, तीन शतके

पहिले उत्तर आंद्रेआस व्हेसालियसचे. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने मानवी शरीररचनेच्या अभ्यासाचा पाया घातला. पण दातांच्या बाबतीत तो फसला. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ जबड्यात मागे राहते आणि त्यातूनच पक्का दात उगवतो, असे त्याला वाटले. कापलेल्या झाडाला बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो, तसे काहीसे. रोमन लेखक सेल्ससचेही मत असेच होते, म्हणजे ही समजूत तेव्हाच दीड हजार वर्षे जुनी होती.

बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने ती मोडली. १५६३ साली त्याने केवळ दातांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याने गर्भांचे आणि तान्ह्या बाळांचे जबडे उघडून पाहिले होते. दुधाच्या आणि पक्क्या दातांचे अंकुर वेगवेगळे असतात, हे त्याला दिसले. पक्का दात जुन्या मुळातून येत नाही. तो आपल्या स्वतंत्र कोंबातून येतो.

दुसरे उत्तर, म्हणजे दुधाच्या दाताला मूळच नसते, हे पडलेले दात पाहून काढलेले सरळ अनुमान होते. पुरावा हातात होता, पण अर्धाच. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात या समजुतीला विरोध केला. दुधाच्या दातालाही मूळ असते, ते पडण्याआधी नाहीसे होते, एवढे आता स्पष्ट झाले. पण कसे नाहीसे होते?

इथे तिसरे उत्तर पुढे आले: नव्या दाताच्या दाबाने. हे उत्तर आजही अनेक सुशिक्षित माणसांकडून ऐकायला मिळते. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी १७७१ साली मानवी दातांच्या निसर्गेतिहासावरील पुस्तकात ते तपासून पाहिले. नवा दात जुन्या दाताच्या मुळाला थेट चिकटून वाढत नाही, तो हाडाच्या आपल्या वेगळ्या खोलीत वाढतो. शिवाय काही जणांत खाली पक्का दात नसतानाही दुधाच्या दाताचे मूळ झिजते आणि दात पडतो. मग ढकलले कोणी? हंटर यांचा निष्कर्ष असा होता की मूळ नाहीसे होणे ही घासाघासी नसून शरीराने स्वतः घडवून आणलेली क्रिया आहे. शरीर जसे बांधते तसे पाडतेही, हा विचार त्यांना हाडांच्या वाढीच्या अभ्यासातूनही सुचला होता.

याच हंटर यांचा एक प्रयोग फार गाजला. त्यांनी माणसाचा ताजा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला आणि तो तिथे रुजल्याचे दाखवले. तो नमुना लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. यातून एकाचा दात दुसऱ्याच्या तोंडात बसवण्याला बळ मिळाले. गरीब मुलांचे चांगले दात पैसे देऊन उपटायचे आणि श्रीमंतांच्या हिरड्यांत बसवायचे, असा प्रकार लंडनमध्ये चालू झाला. रोलंडसन या व्यंगचित्रकाराने १७८७ साली त्यावर झोंबरे चित्र काढले. असे दात फार काळ टिकत नसत आणि त्यांच्यावाटे रोगही पसरतात अशी भीती निर्माण झाली. ही प्रथा मागे पडली. पण रुजलेला दात पुढे का टिकत नाही, हा प्रश्न तसाच राहिला. तो जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

पाडकाम करणारे मजूर

हंटर यांच्या मते शरीर मूळ शोषून घेते. पण शोषून घेणारे नेमके कोण, हे नुसत्या डोळ्यांनी दिसणारे नव्हते. १८१७च्या सुमारास जॉन हाउशिप या इंग्रज शल्यचिकित्सकाने झिजणाऱ्या हाडाच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे असल्याचे वर्णन केले. आजही त्या खळग्यांना त्याचेच नाव आहे. मिठाईच्या गोळ्यावर मुंग्यांनी कोरलेल्या खाचा पाहाव्यात, तसे ते दिसतात. पण मुंग्या कुठे होत्या?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन टोम्स या इंग्रज दंतवैद्याने दुधाच्या दाताच्या झिजणाऱ्या मुळाखालचा मऊ भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तिथे रक्तवाहिन्यांनी भरलेला लालसर मांसल उंचवटा होता आणि त्याच्या पृष्ठभागावर अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी होत्या. मुळाला पडलेल्या खळग्यांत हा उंचवटा नेमका बसत होता. पुढे १८७३ साली जर्मनीतील व्यूर्त्सबुर्गचे अल्बर्ट फॉन क्योलिकर यांनी अशा राक्षसी पेशी हाड जिथे जिथे नाहीसे होत असते तिथे तिथे सापडतात, हे दाखवून दिले. त्यांना त्यांनी ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड फोडणारी पेशी, असे नाव दिले. दाताचे मूळ खाणाऱ्या पेशी याच जातीच्या असतात.

ही पेशी काम कसे करते, ते वर्गात सांगण्याजोगे आहे. ती हाडाला किंवा मुळाला कडेने घट्ट चिकटते. एखादी वाटी जमिनीवर उपडी घालावी तशी. वाटीच्या आतल्या बंदिस्त जागेत ती आम्ल सोडते. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळतात. उरलेल्या प्रथिनांच्या जाळ्याचे तुकडे विकरे करतात. खडूच्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून आपण जो प्रयोग करतो, त्याच्या पहिल्या पायरीशी याचे नाते आहे.

म्हणजे हंटर यांचे म्हणणे खरे ठरले. मूळ तुटत नाही की घासले जात नाही, ते पाडले जाते. पाडणारे मजूर शरीराचेच असतात आणि तेच मजूर आपल्या हाडांची आयुष्यभर डागडुजी करत असतात.

पक्क्या दातांचे काय?

पाडकामाची ही टोळी कायम शरीरात असेल, तर ती पक्क्या दातांना हात का लावत नाही? खरे तर कधी कधी लावते. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील दंतशल्यचिकित्सक टॉमस बेल यांनी १८३०च्या सुमारास दात आतून पोखरला गेल्याची नोंद केली. हे तेच बेल, जे पुढे लिनीअन सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि ज्यांच्या कारकिर्दीत १८५८ साली डार्विन व वॉलेस यांचे निबंध तिथे वाचले गेले. १८५६ साली बेट्स यांनी पक्क्या दातांची मुळे झिजण्याची चर्चा केली. पण हे सगळे उपटलेल्या किंवा पडलेल्या दातांवरून. तोंडात असलेल्या दाताचे मूळ पाहणार कसे?

१८९५च्या अखेरीस राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध जाहीर केला आणि १८९६च्या जानेवारीतच ऑटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. त्यासाठी ते पंचवीस मिनिटे न हलता बसून राहिले होते! या तंत्रामुळे हिरडीआडची मुळे पहिल्यांदा दिसू लागली आणि त्याबरोबर एक नवी काळजीही आली. १९१४ साली न्यूयॉर्कचे दंतवैद्य रॉड्रिग्ज ओटोलेंगी यांनी, वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करताना मुळांची टोके झिजतात, याकडे लक्ष वेधले. हे गृहस्थ गुप्तहेरकथाही लिहीत. १९२७ आणि १९२९ साली अमेरिकेतील अल्बर्ट केचम यांनी मोठ्या संख्येने रुग्णांची क्ष-किरण छायाचित्रे तपासून दाखवले की ही गोष्ट अपवादात्मक नाही.

मग सुरू झाला गुन्हेगाराचा शोध. कोणी म्हणाले आहारातील उणीव, कोणी म्हणाले जीवनसत्त्वे कमी, कोणी थायरॉइड ग्रंथीकडे बोट दाखवले. कोणी तारांच्या दाबाला दोष दिला, कोणी आनुवंशिकतेला. प्रत्येकाजवळ काही ना काही पुरावा होता, पण एकाही कारणाने सगळी उदाहरणे उलगडत नव्हती. एकाच तोंडात, एकाच आहारावर, एकाच प्रकारच्या तारेखाली एक मूळ झिजे आणि शेजारचे शाबूत राही.

प्रश्नच उलटा करावा लागला

विज्ञानात उत्तर सापडत नसेल तेव्हा कधी कधी प्रश्न बदलावा लागतो. इथे तसेच झाले. १९५१ साली हेन्री आणि वाइनमन या संशोधकांनी मृत व्यक्तींचे दात सूक्ष्मदर्शकाखाली काळजीपूर्वक तपासले. दर दहा दातांपैकी नऊ दातांच्या मुळांवर कुठे ना कुठे झिजेचे सूक्ष्म खळगे आढळले. म्हणजे मुळाची झीज हा विरळा आजार नव्हताच. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की यांतले बहुतेक खळगे पुन्हा भरून आलेले होते.

आता प्रश्न असा झाला: मूळ का झिजते, हे विचारण्याऐवजी ते इतके दिवस टिकते कसे, हे विचारू या. दाताला वेढणारे हाड सतत मोडून नव्याने बांधले जात असते. त्या हाडापासून पाव मिलिमीटरभर अंतरावर मूळ उभे असते, तरीही पाडकाम हाडापुरतेच थांबते. का?

कारण मुळाला पहारा असतो. मुळावर सिमेंटम नावाचा पातळ थर असतो. त्याची सर्वांत वरची पापुद्र्यासारखी पातळी क्षारांनी कठीण झालेली नसते आणि तिच्यावर जिवंत पेशींचे अस्तर असते. हाड फोडणाऱ्या पेशीला चिकटायला क्षारयुक्त पृष्ठभाग लागतो. तो तिला इथे मिळत नाही. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा जो जिवंत पट्टा असतो, त्यातल्या पेशीही पाडकामाला आळा घालणारी रसायने सोडतात. त्यांपैकी ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन १९९७ साली ओळखले गेले. जपानमधील एका दूध उत्पादक कंपनीच्या प्रयोगशाळेचाही त्या शोधात वाटा होता. पुढच्याच वर्षी त्याचे विरोधी प्रथिन, म्हणजे पाडकामाला हिरवा कंदील दाखवणारे, हाती आले. या दोहोंच्या तोलावर पेशी कामाला लागणार की नाही हे ठरते. दुधाचा दात पडायच्या वयात हा तोल त्या मुळाभोवती पाडकामाकडे झुकतो.

असे पाहिले की एकमेकांशी भांडणारी सगळी कारणे एका ओळीत येऊन उभी राहतात. तारेने दातावर जोर दिला की एका बाजूचा तंतूंचा पट्टा दाबला जातो, रक्तपुरवठा तुटतो आणि तिथल्या पेशी मरतात. १९९०च्या दशकात नॉर्वेतील ब्रुडविक आणि रिग यांनी दाखवले की या मृत भागाची साफसफाई करताना शेजारचा पहाराही उद्ध्वस्त होतो आणि मूळ उघडे पडते. किडीमुळे दाताच्या आतला गाभा सडला, तर त्यातील जिवाणूंची विषे झीज पेटती ठेवतात. तिरपी अडकलेली दाढ शेजारच्या मुळावर रेलली, जबड्यात गाठ वाढली, दाताला जोराचा मार बसला, तर तेच घडते. कारणे अनेक, पण दार एकच: पहाऱ्याला पडलेले खिंडार. खिंडार लहान असेल आणि इजा थांबली असेल, तर शेजारच्या पेशी ते बुजवतात. म्हणूनच तारा लावलेल्या बहुतेक मुलांत मुळाची झीज थोडीच असते आणि जोर काढला की ती थांबते. त्या भीतीने आवश्यक उपचार टाळण्याचे कारण नाही. काहींमध्ये मात्र ती जास्त होते. त्यामागे आनुवंशिक भागही असावा असे जुळ्यांच्या व भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते, पण अमुक एक जनुक जबाबदार असे म्हणण्याइतके पुरावे एकमेकांशी जुळलेले नाहीत.

शाळेच्या मैदानावर

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाचा समोरचा पक्का दात खेळताना मुळासकट निघून पडला. मोठ्यांनी तत्परता दाखवली. दात शोधला, साबण लावून नळाखाली चोळून चोळून स्वच्छ केला, कोरड्या कापसात गुंडाळला आणि मुलाच्या वडिलांच्या हाती दिला. दंतवैद्यांकडे पोहोचेपर्यंत तीन तास झाले होते. त्यांनी दात जागेवर बसवला आणि तो घट्टही झाला. घरी पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी तो दात शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागला. क्ष-किरण छायाचित्रात मुळाचा बराचसा भाग हाडात विरून गेलेला होता. कोणी हलगर्जीपणा केला नव्हता. सगळ्यांनी मायेनेच केले होते. पण ज्या मळाला त्यांनी धुऊन काढले, तोच मुळाचा पहारा होता.

कोपनहेगनच्या आंद्रेआसन आणि योर्टिंग-हान्सन यांनी १९६६ साली असे परत बसवलेले ११० दात तपासले होते. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्क्यांमध्ये मुळाची झीज दिसली नाही. दोन तासांनंतर बसवलेल्यांपैकी ९५ टक्क्यांमध्ये ती दिसली. दात तोच, जबडा तसाच. फरक फक्त वेळेचा. कोरड्या हवेत मुळावरच्या पेशी मरतात. मेलेल्या पहाऱ्याचा दात शरीर हाडच समजते, त्याला हाडाशी सांधते आणि मग हाडासारखेच मोडून त्या जागी नवे हाड भरते. वाढत्या वयाच्या मुलांत हे काम अधिकच वेगाने चालते. हंटर यांच्या काळातले रुजवलेले दात का टिकत नसत, त्याचे मोठे कारणही हेच.

मग दात नेताना कशात ठेवायचा? पाण्यात नको. पाण्यात क्षार नसल्याने परासरणामुळे ते पेशींत शिरते आणि पेशी फुगून फुटतात. आठवी-नववीला आपण शिकवतो तेच परासरण. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममधील लार्स ब्लोमलॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दुधात या पेशी काही तास जिवंत राहतात. दुधातील विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास असते, त्यामुळे पेशी फुगतही नाहीत की सुकतही नाहीत.

तेव्हा शिक्षकांच्या खोलीत लावायला एवढे पुरे आहे. दात पडल्याबरोबर शोधा. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा. चोळू नका, साबण नको, जंतुनाशक नको. मूल शुद्धीवर आणि शांत असेल, दात पक्का असेल, तर तो लगेच त्याच्याच खाचेत नीट बसवा आणि स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा. जमत नसेल तर थंड, साध्या दुधात बुडवून तासाभराच्या आत, जितके लवकर तितके बरे, दंतवैद्यांकडे न्या. डोक्याला मार असेल तर आधी डॉक्टर. आणि निघालेला दात दुधाचा असेल तर तो परत बसवायचा नाही, कारण खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होऊ शकते. साधारण सहा वर्षांखालच्या मुलांचे समोरचे दात दुधाचे असतात. शंका असेल तर दुधात ठेवून दंतवैद्यांनाच ठरवू द्या. चहासाठी शाळेत दूध येतेच. अर्धा कप बाजूला निघेल.

पुन्हा त्या वजाबाकीच्या तासाकडे येऊ. मुलाच्या हातातल्या दुधाच्या दाताचे मूळ शरीराने विचारपूर्वक, वेळ साधून पाडलेले आहे. त्याचा उत्सवच व्हावा. त्याच मुलाचा दोन-तीन वर्षांनी मैदानावर पडलेला दात मात्र अजून जिवंत असतो. त्याच्या मुळावर नखाएवढ्याही जाडीचा नसलेला पेशींचा एक थर आपल्या निर्णयाची वाट पाहत असतो. त्याच्याजवळ अर्धा तास असतो.